बाहेरून कुलूप

पाण्याचा तांब्या घ्यायला महांतेशनं हात लांबवला आणि तो खाटेवरून खाली आला. तांब्याही आला. कमरेखालचं अंग मेलेलं, त्यामुळं तिथं काही दुखलं नाही. पण छाती खाटेचा पाय आणि भिंत यांच्यामध्ये अशी अडकली, की श्वास अर्धाच येऊ लागला. मोबाईल वर खाटेवर राहिला होता.

साडेअकरा वाजले होते. बायको, शिवलीला, कपड्यांच्या कारखान्यातून सहाला येणार. तोवर दाराला बाहेरून कुलूप.

हे कुलूप त्यानंच लावायला लावलं होतं. कोरमंगलात इमारतीला रंग देताना परांचीवरून पडला, आणि निपाणीचा हा धडधाकट गडी अंथरुणाला खिळला. यशवंतपूरच्या वस्तीतली माणसं रोज येऊन चुकचुकायला लागली. त्याला ती कीव सोसेना. "जाताना कुलूप लावून जा," तो बायकोला म्हणाला. ती आधी रडली, मग लावू लागली. त्याला चार महिने झाले.

एक बाई मात्र हटली नाही. शेजारची यल्लव्वा. सकाळी बाजारात कांद्याची पोती उचलायची, दुपारी त्याच्या बंद दाराशी बसून अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलायची, आणि उठताना मोठ्यानं म्हणायची, "प्रभू येशू, ह्या घरात ये." महांतेशचं डोकं फिरायचं.

"अक्का, दाराला कुलूप आहे. तुझा प्रभू येणार कुठनं, पत्र्यातनं?"

"सरी तम्मा, बरं भावा, उद्या बघू," म्हणून ती हसत निघून जायची.

आजही ती आली. शेंगा सोलल्याचा आवाज सुरू झाला. महांतेशनं तिला हाक मारली नाही. लुंगी ओली झाली होती, आणि ती काही नुसत्या तांब्यातल्या पाण्यानं नव्हे. हे कुणी बघण्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्याला वाटलं. चार महिने तो रोज मरणच तर मागत होता. पण ते खरंच छातीवर येऊन बसल्यावर त्याची पाचावर धारण बसली.

बाहेर प्रार्थना झाली. "आमेन." सालं गोळा केल्याची खसखस ऐकू आली. आता ही जाणार, आणि मग सहापर्यंत कुणी नाही. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

"अक्का, जाऊ नको! मी पडलोय!" तो जीव खाऊन ओरडला. मग आवाज खाली आला. "येशू, बाबा, आत ये. ये रे."

हे आपण कुणाला म्हणालो, याचं त्यालाच नवल वाटलं. आणि मग रडू आलं. दार तर आपणच बंद करून घेतलेलं.

खट् झालं. दार उघडलं.

यल्लव्वानं खाट सरकवली, त्याला पोत्यासारखा उचलला, पुसला, कोरडी लुंगी नेसवली, पाणी पाजलं. एकदाही चुकचुकली नाही. पोटभर श्वास घेत त्यानं तिचा हात घट्ट धरला.

"अक्का, तो आला गं! कुलूप कसं उघडलं?"

"किल्लीनं. शिवलीलानं पहिल्याच दिवशी दिलीय," ती त्याचे डोळे पुसत म्हणाली. "मी आणि प्रभू, दोघं बाहेर बसलो होतो, तम्मा. तू ये म्हणायची वाट बघत."