ट्रकची वायर

चावी फिरवली की इंजिन नुसतं कण्हायचं आणि गप्प व्हायचं. स्टेफकानं चौथ्यांदा फिरवली, तेव्हा ते कण्हलंसुद्धा नाही.

बाहेर उणे अडतीस. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या माळावर अशा थंडीत डिझेलच्या ट्रकच्या इंजिनाचा हीटर वायरनं रात्रभर विजेला जोडला नाही, तर सकाळी तो ट्रक नुसता लोखंडाचा ढीग. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. स्टेफकाला काय ठाऊक नव्हतं? पण रोज संध्याकाळी वायर ओढत नेऊन प्लग लावायचं काम नवऱ्याचं, ओरेस्तचं, लग्न झाल्यापासून त्याचंच. आणि ओरेस्त होता शहरातल्या दवाखान्यात. आत्ताच नर्सचा फोन आला होता, "लगेच निघा. वेळ फार नाही."

काल संध्याकाळी त्यानं स्वतःच फोन केला होता. धाप लागत होती, तरी पहिला प्रश्न काय, तर "ट्रकला वायर लावलीस?"

"मी इथं एकटी भिंतींशी बोलतेय, आणि तुला ट्रकचा पुळका!"

"लावलीस ना पण?"

"लावली रे बाबा, लावली. झोप आता."

लावली नव्हती. फोन ठेवून लावू म्हणाली, आणि खुर्चीतच तिचा डोळा लागला.

आता तिनं प्लग लावला. पण इंजिन ऊब धरायला दोन तास तरी हवेत. शेजारी म्हणजे लांबच्या शेतावरचा नेस्टर, तोही गुरांना चारा टाकायला गेलेला. स्टेफकानं फोन केल्यावर त्याच्या बायकोनं त्याला निरोप धाडला होता. स्टेफकानं बॉनेटवर गोधडी टाकली आणि वर दोन्ही हात दाबून उभी राहिली. "ताप की रे मेल्या!" ती रडत होती आणि पाणी पापण्यांवरच गोठत होतं.

घरात फोन वाजला.

नेस्टर पोचला तेव्हा ती पायरीवर बसली होती. "मला यायला मिळावं म्हणून वायरीचं विचारत होता रे तो," ती म्हणाली. "आणि मी त्याच्यावरच फणकारले."

नेस्टरनं उगाच जाऊन ट्रकची चावी फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी ओरेस्तला माती देऊन नेस्टरनं तिला घरी आणून सोडलं, तेव्हा अंधारून आलं होतं. ती दाराकडे गेलीच नाही. बर्फातली वायर उचलून ट्रककडे निघाली.

"वहिनी, राहू द्या आता. उद्या कुठं जायचंय तुम्हाला?"

"कुठंच नाही." तिनं प्लग घट्ट दाबून बसवला. "पण लावली म्हणून सांगितलंय ना मी त्याला."