पांढऱ्यातलं दार

पडद्यावर शेडच्या जागी नुसतं पांढरं दिसत होतं. वर धूर, खाली काळी माती आणि मधोमध कुणी चुना ओतावा तसा डाग.

"साहेबांच्या कम्प्युटरवर बी असंच दिसलं," धम्मपाल म्हणाला. "म्हणले, ह्यात काय दिसतंय? मालक तर म्हणतोय, दार उघडंच होतं, बाया डबे घ्यायला परत आत गेल्या."

तेरखेड्याजवळच्या त्या फटाक्याच्या शेडात स्फोट होऊन अकरा दिवस झाले होते. तीन बाया जळून मेल्या. त्यातली एक बनाबाई, धम्मपालची आई. रस्त्यावरून हा व्हिडिओ काढणाराही धम्मपालच. चौकशीला आलेल्या साहेबांना दाखवायला त्याच्याकडं हाच एक पुरावा होता.

हुमेरा धाराशिवला बसस्टँडमागच्या गाळ्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करायची. असलं काम तिच्याकडं कधी आलं नव्हतं.

"हा व्हॉट्सअ‍ॅपवरनं आलेला आहे ना? साहेबांनाही असाच पाठवला?"

"व्हय."

"मग हा सोडा. फोन द्या. मूळ फाइल पाहिजे."

केबल लावून तिनं फाइल घेतली, तिची माहिती उघडून वाचली.

"एचडीआरमध्ये काढलाय," ती म्हणाली. "तुमच्या फोननं उजेड मोठ्या मापानं मोजलाय. माझं सॉफ्टवेअर साध्या मापावर लावलेलं आहे, लग्नाला तेवढं पुरतं. मापाच्या वरचा जेवढा उजेड असंल, तो सगळा त्याला एकच दिसतो. पांढरा."

"म्हंजी आत हाय काही?"

"असू शकतं."

तिनं कलर स्पेस बदलली. फाइल कुठल्या मापातली आहे ते सॉफ्टवेअरला सांगितलं आणि उजेड हळूहळू खाली आणला. पांढरं पिवळं झालं, मग केशरी. त्यात एक उभी रेघ उमटली. तिच्या शेजारी दुसरी. पत्र्याच्या पन्हळी दिसायला लागल्या. मग चौकट. मग दार.

धम्मपाल खुर्चीवरून उठला.

दार बंद होतं. त्यावर लोखंडी पट्टी आडवी घातलेली होती. बाहेरून.

"तपासणीची गाडी यायची असली की पट्टी लावायचे," तो म्हणाला. "आत कोण न्हाय असं दाखवायला. आई सांगायची."

हुमेरानं एकेक फ्रेम पुढं सरकवली. नवव्या सेकंदाला पट्टी हलली. तिला वाटलं, आगीच्या झळांनी तसं दिसलं असंल. पट्टी पुन्हा हलली. दाराचा पत्रा मधोमध बाहेर फुगला, आत गेला, पुन्हा फुगला.

तिनं माउसवरचा हात काढला.

"चालू द्या," धम्मपाल म्हणाला.

एकतिसाव्या सेकंदापर्यंत दार हलत होतं. त्यानंतर नुसती आग हलत होती.

"तुम्ही किती लांब होता?" हुमेरानं विचारलं, आणि विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

"शंभर पावलं. आई प्याकिंगला असायची, इहिरीपलीकडच्या शेडात. हिकडं कधीच नसायची, त्याच दिवशी लावलं." तो खाली बसला. "मला वाटलं, रिकामं शेड पेटलंय. म्या फोन काढला."

हुमेरानं पुढच्या कामाकडं वळायचं ठरवलं. "एचडीआरमध्येच काढून दिला तर साहेबांच्या कम्प्युटरवर परत पांढरं दिसंल. मी उजेड उतरवून साध्या पडद्यासाठी काढते. सोबत मूळ फाइलही देते, तिला हात लावत नाही. फोनमधलं काही पुसू नका. आणि पेनड्राइव्ह हातात द्या, परत व्हॉट्सअ‍ॅप करू नका."

नवी फाइल काढण्याआधी एकदा नीट चालतोय का ते बघायला तिनं व्हिडिओ सुरुवातीपासून लावला. आत्तापर्यंत ती फ्रेमच सरकवत होती, त्यामुळं आवाज ऐकू आला नव्हता. आता आला. लांबवर तडतड, मग धडाम्‌, आणि अगदी जवळून धम्मपालचा खुशीतला आवाज.

"आयला, आताच दिवाळी! बघ की, काय उडालंय लेका!"

आणि हसणं. पडद्यावर दाराचा पत्रा फुगत होता.

हुमेरानं झटकन व्हिडिओ थांबवला. त्याच्याकडं न बघताच ती म्हणाली, "भाऊ, आवाज काढून टाकते. साहेबांना दार दिसल्याशी मतलब. आवाजाचं काही काम नाही."

धम्मपालनं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"राहू द्या, ताई. आवाज काढला, तर दारावरची पट्टी बी तुमीच कम्प्युटरवर घातली म्हणतील."

तिनं एक्स्पोर्ट दाबलं. पडद्यावरची निळी पट्टी सरकायला लागली. सात टक्के. अकरा टक्के. दोघं तिच्याकडंच बघत बसले.

"शंभर पावलांवरनं माणसाचा आवाज आत ऐकू जातो का हो?" त्यानं विचारलं.

"एवढ्या धडाक्यात? नाही जात," हुमेरा म्हणाली.

धम्मपालनं मान हलवली.

"आईला जायचा. गल्लीच्या तोंडाला कुणाशी बोलत उभा राह्यलो, तरी माझा आवाज वळखून ती चुलीवर चहा ठेवायची."