मागच्या खोलीतली दुसरी खाट

"कोणाला विचारून माझी नोकरी सोडलीत?" मुलगी खुर्चीवरून ताडकन उठली.

"बघा, डॉक्टर," वडील म्हणाले. "ही म्हणे बरी झाली!"

"नोकरी परस्पर गेली तर मीही ओरडेन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मुलगी बस आगारात भोंग्यावरून घोषणा करायची. मध्यंतरी तिच्या डोळ्यांदेखत एक कंडक्टर चाकाखाली गेला. दुसऱ्या दिवसापासून तो भोंग्यातून तिच्याशी बोलू लागला. ती जेवेना, झोपेना, आईलासुद्धा ओळखेना. इस्पितळात औषधं सुरू झाली आणि दोन-तीन आठवड्यांत सगळं ओसरलं. ती पहिल्यासारखी झाली. पण तोवर वडिलांनी आगारात कळवून टाकलं होतं आणि घरात मागच्या खोलीत, आत्याच्या खाटेला लागून, दुसरी खाट टाकली होती.

"स्किझोफ्रेनियाच ना हा?" त्यांनी विचारलं.

"आज तसं म्हणता येणार नाही. त्यासाठी लक्षणं महिनोन्‌महिने टिकावी लागतात. हिचं अचानक आलं आणि पूर्ण गेलं. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू, औषधं जपून कमी करू. जन्माचा शिक्का आत्ताच कशाला?"

"मला शिकवू नका! आमच्या रक्तातच आहे हे." वडिलांनी मागे बसलेल्या आत्याकडे बोट दाखवलं. "ही माझी बहीण. अख्खं आयुष्य सांभाळतोय तिला."

आत्या भिंतीकडच्या खुर्चीत अंग चोरून बसली होती. इतक्या वर्षांच्या गोळ्यांमुळे तिचे हात बारीक थरथरत होते. डॉक्टरीणबाईंनी आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"ताई, तुम्हाला काय झालं होतं?"

आत्याने भावाकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे नको, माझ्याकडे बघा."

"बाळ गेलं माझं. मग ते रडताना ऐकू यायचं."

"अजून येतं?"

"छे! महिन्याच्या आतच थांबलं. पुन्हा कधीच नाही."

मुलगी आत्याकडे बघतच राहिली. वडील बहिणीकडे वळले.

"अगं, मग कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की रे, दादा," आत्या म्हणाली. "तू गोळ्या वाढवून आणल्यास."