पोहोच मिळाली

"ऑर्डर गिऱ्हाइकाच्या संगणकातून आपल्या संगणकात येते," ती नव्या सहकारी बाईंना शिकवत होती. "बाहेर पाकीट, आत मजकूर. पाकिटाची बांधणी ठीक असली की पोहोच आपोआप जाते. माल देऊ, असं मात्र त्यात कुणी म्हटलेलं नसतं."

"म्हणजे आतलं न वाचताच मान डोलवायची."

दोघी हसल्या. तेवढ्यात तिच्या वडिलांचा फोन आला.

"बाळा, डोळ्याच्या ऑपरेशनला आत घेतायत. सोबत कोण, असं विचारतायत. सकाळच्या निरोपावर तुझा अंगठा आला, म्हणून मी शेजाऱ्यांना नको म्हटलं."

तिने तो निरोप आत्ता कुठे वाचला.

"सावकाश ये गं. लेक वाटेत आहे, असं सांगितलंय मी त्यांना."