दातखडा

जयाबाईंनी खडा पणतूच्या, समर्थच्या हिरडीला टेकवला आणि रचनाने त्यांचे मनगट धरले.

या घरात आजवर जयाबाईंचे मनगट कोणी धरले नव्हते. सोप्यावर बसलेल्या नागेंद्रने आधी आजीकडे पाहिले, मग बायकोकडे, आणि वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरले.

"उकळून घेतलाय," जयाबाई म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याचे दात ह्याच्यावरच आलेत. सासऱ्याचेबी."

पण रचनाला स्वच्छतेची काळजी नव्हती. तिने खडा घेतला आणि सोप्याच्या कडेला, उजेडात नेला. लग्न झाल्यापासून ती या दातखड्याचे नाव ऐकत होती. पाहत होती ती आज पहिल्यांदा. देव्हाऱ्यात, देवांच्या मागे, लाल फडक्यात तो गुंडाळलेला असे. लेकराला दात येऊ लागले की तेवढ्यापुरता बाहेर निघे. कोण्या काळी घरच्या एका सुनेला तो नदीच्या दरडीत सापडला आणि पुढे सासूकडून सुनेकडे येत राहिला. काळपट तपकिरी रंग, पिढ्यांच्या लाळेने आलेली झळाळी, वर दोन कंगोरे आणि खाली अंगठा नेमका बसेल असा खळगा.

नष्ट झालेल्या प्राण्यांचा अभ्यास हे रचनाचे काम. त्या कामापायीच ती या खेपेला नवऱ्याला आणि लेकराला घेऊन शहरातल्या, टिळकवाडीच्या घरून संकेश्वरजवळच्या या सासरच्या मळ्यावर आली होती. मळ्याला लागून नदीकाठी एक पट्टी होती. तिच्या दरडीत, जुन्या गाळाच्या थरातून, गेंड्याच्या जबड्याचे टोक बाहेर आले होते. या मुलखात पूर्वी गेंडे चरत. झाडी विरळ होऊन गवत पसरत गेले, तसतसे पिढ्यानपिढ्या त्यांचे दात उंच होत गेले का, हे रचनाला पाहायचे होते. नदी दरवर्षी दरड खात होती. यंदाच्या पुरात तो थर राहणार नव्हता, आणि तिची कित्येक वर्षांची मेहनत त्याच्याबरोबर वाहून जाणार होती.

पट्टी जयाबाईंच्या नावावर होती. त्यांनी तिथे कधी ऊस लावू दिला नव्हता, नांगर घालू दिला नव्हता. थोरले चिरंजीव परशराम एकदा बैल घेऊन गेले, तेव्हा त्यांना भर दुपारी जेवणावाचून परत पाठवले होते. का, ते विचारायची सोय नव्हती. सकाळी रचनाने तिथे उकरण्याचा विषय काढला, तेव्हा जयाबाईंनी एकच गोष्ट विचारली: वरच्या मातीचे काय करता? रचनाने सरळ सांगितले, ती आमच्या उपयोगाची नसते, जेसीबी लावून बाजूला फेकतो. जयाबाई ताटावरून उठल्या. नकार त्यातच आला.

आता रचना खडा घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसली.

"आज्जी, ह्यो दगड न्हवं. दात हाय. गेंड्याच्या पिलाचा, दुधाचा दात."

जयाबाई हसल्या. हल्ली इथे कोल्हा दिसायची मारामार, आणि नातसून गेंडे चारायला निघाली, असे त्यांनी नागेंद्रला ऐकवले. वर्तमानपत्र किंचित हलले. रचना मात्र सांगत राहिली. हजारो वर्षांपूर्वी नदीचे पात्र इथवर पसरलेले होते. काठाने दलदल आणि पुरुषभर गवत. रानगुरांचे कळप पाण्यावर येत, आणि आईच्या पायांत घोटाळणारी गेंड्याची पिल्लेही.

मग तिने खडा उलटा केला आणि खळग्यावर बोट ठेवले.

"हितं मूळ धरतं. ह्याचं धरलंच न्हाय. दात हिरडीतच हुता, आज्जी. बाहेर यायच्या आदीच पिल्लू गेलं."

जयाबाईंचे हसू थांबले. त्यांनी खडा मागून घेतला. त्यांचा अंगठा सवयीने खळग्यात जाऊन बसला आणि तिथेच राहिला.

"दात न येताच?" त्यांनी विचारले.

"व्हय."

"आन् तरी राहिलं?"

"गाळानं झाकून घेतलं. मातीनं जपलं म्हणून राहिलं."

समर्थ रांगत आला आणि पणजीच्या लुगड्याला धरून उभा राहू लागला. जयाबाईंनी त्याला मांडीवर घेतले, पदराने लाळ पुसली. बराच वेळ त्या त्याच्या कोऱ्या हिरडीवरून बोट फिरवत राहिल्या.

"दरडीतला जबडा त्याच्या आयचा?"

खोटे सांगितले असते तर परवानगी तिथल्या तिथे मिळाली असती, हे रचनाला कळत होते. "मोठ्या जनावराचा हाय, एवढंच म्हाईत हाय," ती म्हणाली. "आय असंल, नसंल. उकरल्याबिगर सांगता यायचं न्हाय. कदाचित उकरूनबी न्हाय."

जयाबाईंनी मान डोलावली. हे उत्तर त्यांना पटलेले दिसले. त्यांनी नदीच्या दिशेला पाहिले. पट्टीवरचे गवत सोप्यावरून दिसत होते.

"दात न आलेल्या लेकराला आपल्यात अग्नी देत न्हाईत," त्या सावकाश म्हणाल्या. "मातीत ठेवत्यात. गडीमाणसं जाऊन येत्यात. बायकास्नी नेमकी जागा दावत न्हाईत."

नागेंद्रने वर्तमानपत्र खाली ठेवले.

जयाबाईंनी खडा रचनाच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटे आपल्या हातांनी मिटवली.

"उकर तू," त्या म्हणाल्या. "पर वरची माती हातानं काढ, पोरी. तिच्यात माझी थोरली हाय."