चेंडूवरचं बोट

रेगिन चिखलात पालथा पडून चेंडूवर बोट धरून होता. फेरो बेटांवर पेनल्टी अशीच मारतात. कुणी धरला नाही तर चेंडू वाऱ्याबरोबर समुद्राकडे निघतो, आणि मारणाऱ्याला त्याच्यामागे जावं लागतं.

गटातला हा शेवटचा सामना. पाहुणे सहा गोलांनी पुढे होते, त्याचं कुणाला काही नव्हतं. पण अख्ख्या गटात फेरोच्या नावावर एकही गोल नव्हता. त्या शून्याची लोकांना इतकी सवय झाली होती की पेपरवाल्यांनी ते छापणंही सोडलं होतं. आता अगदी शेवटी पेनल्टी मिळाली. ही गेली तर शून्य कायमचं. प्रेक्षक श्वास रोखून बसले.

पेनल्टी मारणाऱ्या तुम्मासने चेंडूकडे पाहिलं, रेगिनच्या बोटाकडे पाहिलं, आणि सोमवारची रजा मागितली.

सोमवारी मेंढ्या कापायच्या होत्या. वर्षभराचं मटण त्या दिवशी खोपटात वाऱ्यावर टांगलं जातं. आणि सोमवारीच मासळीचं जहाज लागणार होतं. रेगिन मासळीच्या कारखान्यात मुकादम. अर्धा संघ त्याच्या हाताखाली मासे साफ करायचा. रजा मागायला आलेल्या प्रत्येकाला त्याने आठवडाभर एकच ऐकवलं होतं, की मुकादम झाल्यापासून मेंढ्यांच्या दिवशी मला स्वतःला सुट्टी मिळालेली नाही, तुम्हाला कुठून देऊ.

"मुकादम, बोट तुझं आहे," तुम्मास शांतपणे म्हणाला. "पाय माझा आहे. आणि चिखल निसरडा आहे."

रेगिनने त्याचं खानदान काढलं आणि रजा दिली.

तुम्मास धाव घेणार तेवढ्यात डावा बचावपटू आला. तुम्मासला दिली तर मला का नाही, हे त्याचं म्हणणं. मग त्याचा भाऊ आला. मग एक राखीव खेळाडू आला, ज्याला मैदानात पाय ठेवायची परवानगीच नव्हती. रेगिन प्रत्येकावर डाफरला. जहाजातली मासळी काय तुमचा आजा येऊन कापणार का, असं त्याने प्रत्येकाला विचारलं. आणि प्रत्येकाला शेवटी हो म्हणाला. बोट मात्र हलू दिलं नाही. पंच लांबच्या देशातले होते. ही इथली काहीतरी धार्मिक रीत असावी असं समजून ते अदबीने बाजूला उभे राहिले. पाहुण्यांच्या गोलकीपरला वाटलं, फार मोठा डाव शिजतोय. तो घाबरून जागच्या जागी उड्या मारायला लागला.

सगळ्यांत शेवटी फेरोचा गोलकीपर हाल्डान अख्खं मैदान ओलांडून धापा टाकत आला. त्याच्या मेंढ्या दोनच होत्या आणि स्वभाव लाजाळू होता. रेगिनने त्याला तोंडही उघडू दिलं नाही.

"दिली. पळ."

तुम्मासने मारला. चेंडू जिकडे मारला तिकडेच गेला, जे त्या मैदानावर सहसा होत नाही. पाहुण्यांचा गोलकीपर भलत्याच बाजूला झेपावला होता. गोल.

लोक कुंपणावरून उड्या टाकून आत आले. म्हातारे रडले. पंचांनीही कुणाशी तरी हात मिळवला. तुम्मासने रेगिनला चिखलातून उपसून मिठी मारली, आणि मिठीतच त्याच्या काहीतरी लक्षात आलं. त्याने वर पाहिलं. कोपऱ्यातलं निशाण ओल्या टॉवेलसारखं लोंबत होतं.

वारा तर केव्हाच पडलाय, तो म्हणाला, मग एवढा वेळ बोट कशाला धरून पडला होतास?

रेगिनने गालावरचा चिखल पुसला. निम्मी माणसं रजेवर गेली की जहाज पलीकडच्या बेटावर पाठवायचं आणि कारखाना बंद ठेवायचा, हा खुद्द मालकाचा नियम होता. बंद कारखान्याला मुकादम लागत नाही.

"हाल्डान यायचा होता ना अजून," तो म्हणाला.