सैल दांडी

"उघडत नाही," म्हाताऱ्याने रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं. "आजच्या आज मोकळं करून दे."

बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने ते उजेडाकडे धरून फटीतून पाहिलं. आत गोळ्या नव्हत्या. पण गोळ्यांचं चक्र बाहेर यायला तयार नव्हतं आणि नळीखालच्या दांडीवर पकडीचे ताजे ओरखडे होते.

"हा पराक्रम तुमचा?"

"मग काय करू? हट्टाला पेटलंय ते."

"पेटलाय तुम्ही, दादा. ते बिचारं गप्प आहे."

एरवी त्या निवृत्त पहारेकरी म्हाताऱ्याने या टोल्याला टोला दिला असता. आज तो नुसता बाकावर बसला, शेजारी एका माणसाची जागा सोडून. दर वर्षी तो साफसफाईला यायचा तेव्हा तिथे त्याची बायको बसायची. तिला जाऊन महिना होत आला होता.

मिस्त्रीने दांडीच्या आट्यांवर थिनर सोडलं आणि ते मुरेपर्यंत हात पुसत विचारलं, "घाई कसली एवढी? बाहेरगावी निघालात?"

"मांजर शेजारणीकडे देऊन टाकली," म्हातारा म्हणाला.

मिस्त्रीने वर पाहिलं. म्हाताऱ्याची नजर रिव्हॉल्व्हरवर होती. मिस्त्रीचा हात सवयीने दांडी फिरवू लागला होता; चामड्याच्या तुकड्यात धरलेली ती तेवढ्यात मोकळी झाली आणि फडक्यावर लाल कपच्या पडल्या.

या दुखण्यावरचं औषध मागे मिस्त्रीनेच सांगितलं होतं. बार उडाला की हादऱ्याने दांडी सैल होते, बाहेर सरकते आणि चक्र अडतं. आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब द्यायचा, म्हणजे जागची हलत नाही. "वहिनींकडून मागून घ्या," तो म्हणाला होता. "माझ्याकडे कुठली असली थेरं!" म्हणत वहिनी बाकावरून हसल्या होत्या.

इथे मात्र सगळं उलटं होतं. चक्र अडेल इतकी दांडी कुणीतरी आधी हाताने बाहेर काढली होती आणि मग रंगाने तिथेच पक्की करून टाकली होती. थेंबाने नाही. रंग नळीपर्यंत ओघळला होता.

"दादा, तुमच्या घरात नेलपॉलिश कोण लावतं?"

म्हातारा उठून टेबलाशी आला. फडक्यावरची एक कपची त्याने बोटाच्या टोकावर घेतली आणि उजेडाकडे धरली.

"तिने मागितली होती," तो म्हणाला. "अगदी शेवटी. मी म्हटलं, आता नटून कुठे निघालीस? तरी आणून दिली. नखं तशीच राहिली. मला वाटलं, लावायची ताकद उरली नसेल."

चक्र आता मोकळं होतं. बोटाने ढकललं असतं तरी उघडलं असतं. मिस्त्रीने ते उघडलं नाही. काहीतरी करायचं म्हणून त्याने नळीवरचा ओघळ पुसायला बोळा उचलला.

"पुसू नकोस." म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं. मग हळूच सोडलं. "तिने बसवलं होतं तसं परत बसवता येईल?"

"येईल. पण रंग लागेल."

रिव्हॉल्व्हर टेबलावरच ठेवून म्हातारा दाराकडे वळला.

"बाटली घेऊन येतो," तो म्हणाला. "थोडा उरवून ठेवलाय तिने."